बाजेपासून एकशे आठपर्यंत

दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक चौदाव्या शतकात दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत असता बीडच्या मुक्कामी त्याचा एक दात पडला, त्या दाताचे त्याने मोठ्या इतमामाने दफन करविले आणि त्यावर घुमट उभारण्याचा हुकूम दिला, असे तवारिखकार फरिश्त्याने लिहून ठेविले आहे. बीडनजीकच्या टेकडीवरील ती दंतसमाधी आजही दाखविली जाते. तवारिखकारांनी नोंद घेण्याजोगी मानलेली या जिल्ह्यातील ही बहुधा पहिलीच वैद्यकीय आपत्ती. परंतु ज्या मुलखात बादशहाच्या एका दातासाठी घुमट उठला, त्याच मुलखातील रयत प्रसूतीच्या वेदनेने, सर्पदंशाने किंवा पटकीने तळमळत असता कोणाला हाक मारीत होती, ती हाक ऐकण्याचे बंधन कोणावर होते, आणि ऐकणाराही पुढे काय करू शकत होता, याविषयी त्याच तवारिखा मौन धारण करतात. शिरूर कासारसारख्या आडवळणाच्या कसब्याच्या बाबतीत हा प्रश्न मुद्दाम विचारून पाहण्याजोगा आहे. कारण आज जिला आपण रुग्णवाहिकेची मागणी म्हणतो आणि जिचे आकडे पुण्यातील एका केंद्रात रात्रंदिवस उमटत असतात, ती केवळ रोगांनी घडविलेली नसून रस्ते, नदी, सरहद्द, आणि सर्वांत अधिक म्हणजे पोटासाठी दरसाल होणारे स्थलांतर यांनी घडविलेली आहे.

शिरूर हे बालाघाटाच्या उत्तरेकडील उतरणीशी, सिंदफणेच्या काठी वसलेले गाव. भांडी आणि बांगड्या यांचा व्यवसाय करणाऱ्या कासार समाजाचे कालिकादेवीचे देवस्थान येथे आहे, आणि गावाच्या नावापुढील उपपद त्याच समाजाचे स्मरण देते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली पाटोदा तालुक्यात मोडत होता, आणि पश्चिमेस थोडक्याच मजलेवर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातील नगर जिल्हा सुरू होत होता. म्हणजे येथील माणसाच्या दुखण्याला दोन दिशा होत्या. सरकार-दरबारची वाट पूर्वेला बीडकडे जाई, कारण अव्वल तालुकदाराची कचेरी आणि सरकारी दवाखाना तेथे. तर व्यापाराची, मिशनच्या डॉक्टरांची आणि पुढे खाजगी वैद्यकाची वाट पश्चिमेला नगरकडे जाई, जिच्यावर दोन राज्यांची हद्द आणि करोडगिरीचे नाके आडवे पडलेले असत. हैदराबाद संस्थान विलीन होऊन नाके उठले त्याला आता पाऊण शतक लोटले, तरी रोग्याला बीडला न्यावे की नगरला, हा शिरूरच्या घराघरांतील वाद आजही तितकाच जिवंत आहे. आणि तो वाद निकालात निघेपर्यंत जाणारा वेळ हा या तालुक्याच्या वैद्यकीय इतिहासाचा एक अलिखित घटक आहे.

त्या जुन्या काळी निरोप जाणार कसा? गावगाड्यात हे काम वतनदार महारावर सोपविलेले होते. सरकारी टपाल पुढच्या गावच्या वेशीपर्यंत नेणे, आल्यागेल्या अंमलदाराचे ओझे वाहणे, परगावच्या सोयऱ्यांना मौतीची खबर पोचविणे ही त्याची ठरलेली कामे. आणि रात्री-अपरात्री कोणाची सून अडली किंवा कोणाला पान लागले, म्हणजे साप चावला, तर सुईणीला, वैदूला वा मांत्रिकाला बोलावण्यासाठी अंधारात निघणारा माणूसही बहुधा तोच असे. गावगाड्याची ही व्यवस्था किती स्वयंपूर्ण होती याचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत. माझ्याने ते गाववत नाहीत. गावाची हाक ज्याच्या पायांवर चालत होती, त्याच्या स्वतःच्या घरी कोणी अत्यवस्थ झाले असता गावातला वैद्य त्याच्या दारात पाऊल टाकील, अशी कोणतीही हमी त्या व्यवस्थेत नव्हती. आणि त्याचे ते चालणे हे सेवा नसून वेठ होती.

निरोप गेला तरी वाहन हवे. सुंभाने विणलेली बाज, तिला दोन्ही अंगांनी आवळलेले वासे, आणि खांदा देण्यास चार-सहा गडी, ही झाली जवळच्या पल्ल्याची सोय. लांब जायचे तर छकड्यात कडबा पसरून वर गोधडी अंथरावयाची आणि रोग्याला आडवे घालून बैल जुंपावयाचे. बैल कितीही चांगले असले तरी त्यांची चाल तासाला दीड कोसाच्या वर जात नाही. तेव्हा दिवेलागणीला निघालेली गाडी बीडला दिवस उगवता पोचली, तर ती वेळेवर पोचली असे समजत. पावसाळ्यात सिंदफणेला पाणी असले म्हणजे तोही हिशेब खुंटे. पलीकडे जाण्याचा उपाय एकच, काठावर बसून पाणी ओसरण्याची वाट पाहणे. गाडी जुंपावी की न जुंपावी, हा निर्णय वैद्यकशास्त्रावर नव्हे तर घरातील बैल, रानातील काम आणि जवळची रोकड यांवर ठरे. सर्पदंश झालेल्या माणसाला मारुतीच्या पारावर आणून बसविणे, कडुनिंबाचा पाला चघळावयास देऊन तो कडू लागतो की गोड याची परीक्षा पाहणे, आणि पहाटेपर्यंत त्याला जागे ठेवणे, या चालीकडे आज आपण केवळ अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवितो. अंधश्रद्धा ती होतीच. परंतु ज्या ठिकाणी औषध एका रात्रीच्या अंतरावर आहे, त्या ठिकाणी ती रात्र कशी तरी काढण्याची ती रीतही होती. बिनविषारी सापांची संख्या मोठी असल्यामुळे पुष्कळ माणसे सकाळी उठून घरी जात आणि पाराचा लौकिक वाढे.

व्यक्तीवरील संकटाची ही कथा. समुदायावर संकट आले म्हणजे हाकेलाच अर्थ उरत नसे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने बीड जिल्हा असा काही मोडला की, १८९१ च्या खानेसुमारीत सहा लाखांवर असलेली त्याची वस्ती १९०१ च्या खानेसुमारीत पाच लाखांच्या आत आली. त्यांतील किती उपासमारीने गेले, किती पटकीने, आणि किती गाव सोडून गोदावरीपार किंवा नगरकडे निघून गेले, याची फोड त्या आकड्यात नाही. माणूस मेला की गेला हे शिरगणतीच्या कागदावरून कळत नाही, एवढे मात्र येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

हाक ऐकण्याचे बंधन इतरत्र कसे आले ते येथे पाहावे. लंडन शहरात १९३५ साली विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, शेजाऱ्याने दूरध्वनी करूनही तो रांगेत अडकून राहिला, त्यावरून बराच गहजब झाला, आणि ३० जून १९३७ रोजी ९९९ हा संकटकाळचा पहिला सार्वजनिक क्रमांक त्या शहरात सुरू झाला. अमेरिकेतील पहिला ९११ क्रमांक १९६८ च्या फेब्रुवारीत अलाबामा राज्यातील हेलिव्हिल या लहानशा गावातून फिरविला गेला. या घटनांचे मर्म यंत्रात नाही. हाक मारणाऱ्याची ओळख, जात, पत न विचारता ती ऐकण्याचे कर्तव्य एका अनोळखी नोकरावर कायमचे लादले गेले, हे त्यांचे मर्म. आमच्याकडे हे कर्तव्य येण्यास आणखी बराच अवधी होता.

पोलीस कारवाईनंतर मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या स्वाधीन झाली. या केंद्रांबरोबर खेड्यांत प्रथमच एक सरकारी मोटार दिसू लागली, ती म्हणजे जीप. देशभरातील अशा अनेक जीपगाड्या युनिसेफच्या साहाय्याने आलेल्या होत्या. परंतु ती जीप रोग्याची नव्हती, मोहिमेची होती. देवीची लस, हिवतापाची फवारणी, कुटुंबनियोजनाची शिबिरे, वरिष्ठांचे दौरे यांसाठी ती धावे, आणि तिच्या पेट्रोलचा थेंब न् थेंब नोंदवहीत उतरवावा लागे. अडलेल्या बाळंतिणीसाठी ती मिळत नसे असे नाही. पण त्यासाठी साहेब ठिकाणावर असावा लागे, चालक गावात असावा लागे, आणि साहेबाला जाऊन भेटण्याइतकी ओळख कोणाची तरी असावी लागे. हाक ऐकणारा आता वेठीचा उरला नव्हता, परंतु ऐकणे ही अद्याप मेहेरबानी होती.

जीप यावयाची तरी कोठून, रस्ताच नसेल तर? येथे १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघतो, आणि या मुलखाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यावर थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातील हजारो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर गेले. स्त्रिया हातात हातोडी घेऊन खडी फोडीत, पुरुष माती वाहत, आणि दुपारी सुकडीचा वाटा पदरात पडे. पाझर तलाव, नालाबांध यांच्याबरोबर त्या कामांतून गावे जोडणारे कच्चे रस्तेही निघाले. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अमलात आला. आज खोकरमोहा, तिंतरवणी, मानूर या बाजूंच्या वाटांवरून सायरन वाजवीत गाडी जाते तेव्हा तिच्या चाकांखालील पायवाट कोणाच्या उपाशी हातांनी रुंद केली याचा विचार कोणी करीत नाही, आणि धावत्या गाडीत तो करावा अशी अपेक्षाही नाही. परंतु रुग्णवाहिकेच्या इतिहासात रुग्णवाहिकेहून रस्ता जुना असतो, आणि तो बहुधा दुसऱ्याच एखाद्या संकटाने बांधून ठेविलेला असतो.

या रस्त्यांवर प्रथम आली ती एस.टी. हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने सत्तावीस मोटारींनिशी सार्वजनिक वाहतूक सुरू केली होती, पण तिची सावली या डोंगराळ भागावर क्वचितच पडली असेल. पुढे गावोगाव मुक्कामी गाडी येऊ लागली, आणि वीस-पंचवीस वर्षे तीच इकडची खरी रुग्णवाहिका ठरली. रात्री दुखणे बळावले तर ‘पहिल्या गाडीने नेऊ’ हे वाक्य घरातील वडीलधारा माणूस उच्चारी, आणि रोग्याने पहाटेपर्यंत टिकावे एवढीच प्रार्थना उरे. पुढे काळी-पिवळी जीप आली, मग एखाद्या सधन शेतकऱ्याची स्वतःची गाडी. आणि अंधारात चालकाचे दार ठोठावण्याबरोबरच भाड्याची घासाघीस करण्याचा लाजिरवाणा प्रसंग ओढवू लागला. अंबाजोगाईस १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, याचा जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. परंतु अंबाजोगाई जिल्ह्याच्या आग्नेयेस आणि शिरूर वायव्येस. तेव्हा त्या मोठ्या रुग्णालयाचा उपयोग शिरूरकरांना बीडहून पुढे धाडलेल्या रोग्यांपुरता झाला, आणि ज्याच्यापाशी पैसा किंवा कर्ज काढण्याची पत होती त्याने नगरची वाट धरली. १९९९ मध्ये शिरूर कासार हा स्वतंत्र तालुका झाला. तहसील आली, तालुक्याचे ठिकाण म्हणून मान आला. ग्रामीण रुग्णालय मात्र तालुक्यातील रायमोहा येथे आहे.

ज्या हैदराबादच्या अमलाखाली हा मुलूख दीर्घकाळ होता, त्याच हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी १०८ क्रमांकाची सेवा प्रथम सुरू झाली, हा इतिहासाचा एक खोडकरपणाच म्हणावयाचा. कारण शिरूर तोपर्यंत दुसऱ्या राज्यात येऊन अर्धशतक होत आले होते आणि येथे ती सेवा पोचण्यास २०१४ चा जानेवारी उजाडला. महाराष्ट्राने एकूण ९३७ गाड्या रस्त्यावर आणिल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक उपकरणांच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा असा दंडक. आणि सर्व राज्याच्या हाका पुण्यात औंध येथील एकाच केंद्रात. शहरात वीस मिनिटांत आणि ग्रामीण भागात तीस मिनिटांत गाडी पोचावी, असे प्रमाण ठरले. तत्पूर्वी २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने गर्भवतीस मोफत ने-आण देऊ केली होती आणि १०२ क्रमांकाची गाडी आशाताईंच्या ओळखीची झाली होती. निरोप्याचे जुने काम आता आशाताईंकडे आले आहे. त्यांना मानधन मिळते. ते पुरेसे आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

एकाच केंद्रात हाका येऊ लागल्या आणि जुन्या गावांना नवीनच अडचण भासली. या राज्यात शिरूर एक नाही. पुणे जिल्ह्यात घोडनदीचे शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे; आणि पुण्यात बसून फोन उचलणाऱ्याच्या कानाला, नुसते ‘शिरूर’ म्हटले, तर घोडनदीचे शिरूरच अधिक परिचयाचे असणार. म्हणून घाबरलेल्या माणसाला जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने सवाल-जबाब द्यावे लागतात, आणि तो मनातून चरफडतो. शिवाय वस्ती गावठाणात राहिलेली नाही. माणसे मळ्यांत, शेतवस्त्यांवर, तांड्यांवर पांगली आहेत. त्यांचा पत्ता म्हणजे अमक्याची विहीर, तमक्याची डीपी, ओढ्यापलीकडचे लिंबाचे झाड. गाडी फाट्यापर्यंत येते आणि तेथून पुढे मोटारसायकलवरचा एखादा पोरगा वाट दाखवीत पुढे धावतो. तीस मिनिटांच्या प्रमाणात हा पोरगा धरलेला नाही.

आता या हाका वर्षभरात कशा येतात ते पाहावे. मृग बरसला की रानात साप-विंचू निघतात आणि पेरणीच्या गर्दीत दंश वाढतात. विंचवाच्या दंशाने हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या औषधाने उतरविता येतो हे महाडच्या ज्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी जगास दाखवून दिले, ते मूळचे मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचे, आणि सर्पविषावरील प्रतिविष आज आरोग्य केंद्रात मिळू शकते. त्यामुळे पारावरची ती रात्र आता टाळता येण्याजोगी झाली आहे. नवरात्रात उपवासाच्या भगरीने विषबाधा होते. सुगीत मळणी यंत्रात हात सापडतात, उन्हाळ्यात विहिरीच्या कामावर सुरुंगाचे आणि क्रेनचे अपघात घडतात. कर्जापायी जिवावर उदार झालेल्या शेतकऱ्याच्या घरून जी हाक येते तिला ऋतू नाही, आणि ती पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या दुखण्याचे नाव घेऊन येते.

परंतु या सर्वांहून मोठा क्रम ऊसतोडीचा आहे. १९५०-५१ मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले, आणि १९७२ नंतर बीडचे मजूर दरसाल अधिकाधिक संख्येने तिकडे जाऊ लागले. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरावयाचा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून निघावयाचे, ते गुढीपाडव्याच्या पुढेमागे परतावयाचे. त्या पाच-सहा महिन्यांत शिरूर तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर म्हातारे आणि शाळकरी मुले एवढीच उरतात. तेव्हा हाका कमी होतात. त्या कमी झाल्या म्हणून गरज कमी झाली, असा अर्थ कोणी लावील तर तो चुकेल. हाक मारणारा तरणा माणूस तेवढा निघून गेलेला असतो, आणि एकट्या म्हातारीच्या छातीत कळ आली तर फोन कोणी लावावा हा प्रश्न शेजारच्या बंद दारांपाशीच विरतो. इकडे हीच माणसे सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या फडांत कोपीत राहतात. पहाटेच्या अंधारात कोयता चालतो, भरल्या पोटाच्या बाया मोळ्या वाहतात, आणि त्यांची हाक निघते ती त्या जिल्ह्यांच्या खात्यावर. फडाचा पत्ता त्यांना सांगता येत नाही, कारण फड दर काही दिवसांनी हलतो. कोणी सीमा ओलांडून कर्नाटकात गेले, तर तेथेही क्रमांक १०८ हाच आहे. पण ती यंत्रणा निराळी, आणि पलीकडून उत्तर येते ते कानडीत.

रुग्णवाहिकांची वाटणी मात्र लोकसंख्येवर होते. लाख वस्तीमागे एक साधी गाडी आणि पाच लाखांमागे एक प्रगत गाडी, असे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे मान आहे. ९३७ गाड्या म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात साधारण एक लाख वीस हजार माणसांमागे एक. नव्या करारात ही संख्या १,७५६ पर्यंत नेण्याचे ठरले आहे. पण ही लोकसंख्या मोजली केव्हा? २०११ च्या जनगणनेची मोजदाद ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात, जेव्हा शिरूरचा कोयता कृष्णाकाठी होता आणि घरांना कुलपे होती. जो जेथे सापडला तेथे तो मोजला गेला असेल, किंवा कोपीपर्यंत प्रगणक पोचलाच नसेल. मृगात या तालुक्याला किती गाड्या लागतील, हे माघातील रिकाम्या गावावरून ठरविले जाते.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर (म्हणजेच पूर्वीचे नगर) ते बीड रेल्वे सुरू झाली आणि तिच्या मार्गावर रायमोहा हे स्थानक आले. पूर्वीच्या करोडगिरीच्या सरहद्दीवरून आता आगगाडी जाते, आणि रोगी कोणत्या वाहनाने न्यावा यासही आणखी एक पर्याय निघाला. त्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातील नद्यांना मोठे पूर आले आणि सिंदफणाकाठच्या लोकांना पाण्याची जुनी सत्ता पुन्हा अनुभवास आली. पुढील जनगणनेची मोजदाद २०२७ च्या फेब्रुवारीत व्हावयाची आहे. त्या वेळी कारखान्यांची धुराडी पेटलेली असतील. तेव्हा जिल्हा प्रशासनाने मुकादमांच्या वह्यांतून गावनिहाय कोयत्यांची यादी आधीच मागवून ठेवावी, आणि गाड्यांची वाटणी करणाऱ्यांपुढे जनगणनेच्या आकड्याशेजारी ती यादीही ठेवावी.